'गुड बाय, लेनिन!' : आईसाठी जपून ठेवलेला देश

आडवाट (धागाकर्ती)

जर्मन दिग्दर्शक वोल्फगांग बेकर डिसेंबर २०२४ मध्ये गेला. त्याच्या नावावर चित्रपट मोजकेच आहेत, पण २००३ सालच्या 'गुड बाय, लेनिन!'साठी त्याची आठवण कायम राहील. या चित्रपटावर मराठीत सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. शेवटापर्यंतची सगळी गोष्ट खाली उघड केली आहे, तेव्हा रसभंग नको असेल त्यांनी आधी चित्रपट बघावा आणि मग इथे यावं. आम्ही कुठे जात नाही.

गोष्ट पूर्व बर्लिनमधल्या केर्नर कुटुंबाची. २६ ऑगस्ट १९७८ रोजी झिगमुंड येन हा पहिला जर्मन माणूस सोविएत यानातून अंतराळात गेला. लहानगा आलेक्स टीव्हीला डोळे लावून ते बघतोय आणि त्याच वेळी घरात गुप्तपोलीस आईची चौकशी करताहेत, कारण नवरा पश्चिम जर्मनीला गेला तो परतलेला नाही. आई बोलणंच बंद करते. इस्पितळातून बरी होऊन येते ती वेगळीच बाई होऊन. आता समाजवादी पितृभूमी हेच तिचं सर्वस्व. मुलांची गाणी बसवते, शेजाऱ्यापाजाऱ्यांना सरकारकडे पाठवायचे अर्ज लिहून देते. बायकांचे कपडे असे बेढब का शिवता, राजधानीतल्या बायका इतक्या बुटक्या आणि चौकोनी आहेत का, असं अत्यंत सभ्य भाषेत विचारणारे अर्ज. तिकडे असा लेखी अर्ज करणं हा कायद्याने दिलेला हक्क होता आणि सरकारी खात्याला चार आठवड्यांत उत्तर द्यावं लागे. तिच्या टपल्या फार गोड आहेत, पण नीट ऐकलं तर त्या व्यवस्थेवर विश्वास असलेल्या माणसाच्या आहेत. सुधारता येईल असं ज्याला वाटतं तोच अर्ज लिहितो.

७ ऑक्टोबर १९८९. पूर्व जर्मनीचा चाळिसावा वाढदिवस. आई समारंभाला निघालीय, मुलगा मोर्चात. पोलीस आलेक्सला फरफटत नेताना ती बघते आणि हृदयविकाराचा झटका येऊन रस्त्यावरच कोसळते. आठ महिने बेशुद्ध. तेवढ्यात देशाचा सर्वेसर्वा होनेकर जातो, ९ नोव्हेंबरला बर्लिनची भिंत उघडते, मार्च १९९० मध्ये पहिली खुली निवडणूक होते, मुलगी आरियाने अर्थशास्त्राचं शिक्षण सोडून बर्गर किंगमध्ये नोकरीला लागते आणि तिथलाच पश्चिमेचा राइनर घरी राहायला आणते. आई शुद्धीवर येते. डॉक्टर सांगतात, आता जरासाही धक्का सोसणार नाही.

मग आलेक्स एका खोलीत देश उभा करतो. जुने पडदे, जुनं फर्निचर, पुढाऱ्यांच्या तसबिरी. दुकानांतून रातोरात नाहीशी झालेली श्प्रेवाल्डची काकडीची लोणची आईला हवी असतात, म्हणून कचऱ्याच्या डब्यांतून जुन्या बरण्या शोधून, उकळून, त्यांत हॉलंडचा माल भरायचा. डेनिस हा मित्र घरीच बातमीपत्रं चित्रित करतो, अगदी जुन्या सरकारी बातम्यांच्या थाटात.

एवढी गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि बहुतेकांचं बोलणं इथेच थांबतं, की बघा, मुलाने आईसाठी केवढं नाटक केलं! मला मात्र वाटतं की या चित्रपटाचं मर्म स्वयंपाकघरातल्या कपाटामागे आहे. शेवटाकडे, गावाबाहेरच्या त्यांच्या छोट्या घरात, आई मुलांना सांगते की बाप दुसऱ्या बाईसाठी गेलाच नव्हता. पक्षात यायला तो तयार नव्हता, म्हणून कामावर त्याचं जगणं अवघड केलं होतं. दोघांनी मिळून ठरवलं होतं की आधी त्याने जायचं आणि मागून तिने मुलांना घेऊन. तिला भीती वाटली. परवानगी मागितली तर मुलं काढून घेतील, ही भीती. ती गेली नाही. त्याची पत्रं येत राहिली आणि ती कपाटामागे जात राहिली.

हे कळल्यावर मागचं सगळं पुन्हा बघावं लागतं. गाणी, अर्ज, पदकं, सगळं. ज्या देशासाठी मुलगा एवढा आटापिटा करतोय, त्या देशाशी आईचं लग्न भीतीपोटी लागलं होतं. पुढे त्यात प्रेमही आलं असेल, मी नाकारत नाही. पण मुलाच्या आधी दहा-अकरा वर्षं आईनेच घरात एक खोटं सांभाळलं होतं, तेही मुलांसाठीच. मुलगा आईवरच गेलाय!

तुम्हाला काय वाटतं ते ऐकायला आवडेल.

कोकणकडा

फार सुरेख लिहिलंय. आमच्या जर्मनच्या वर्गात, पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात, हा पहिल्यांदा पाहिला होता आणि तेव्हा निम्मं लक्ष सबटायटलकडे. नंतर निवांत पाहिला तेव्हा बातमीपत्रांची खरी गंमत कळली.

आईच्या खिडकीसमोरच्या इमारतीवर कोकाकोलाचा भलामोठा लाल फलक उलगडतो. आता काय सांगायचं? बातमी तयार होते की कोकाकोला हा मुळात पूर्व जर्मनीतच लागलेला शोध होता. आई एकटीच घराबाहेर पडते, पश्चिमेच्या गाड्या आणि माणसं बघते. लगेच दुसरी बातमी : भांडवलशाहीला कंटाळलेले पश्चिम जर्मन निर्वासित पूर्वेत आश्रय मागताहेत. आणि त्यासाठी वापरलेली दृश्यं खरी आहेत! भिंत उघडली तेव्हाची गर्दी, आनंदाने रडणारी माणसं, तीच चित्रफीत. फक्त लोक कुठून कुठे चाललेत, एवढं निवेदकाने उलटं सांगायचं. बातम्या कशा घडवल्या जातात यावर इतकं नेमकं भाष्य मी क्वचितच पाहिलंय. आणि हे सगळं विनोद म्हणून येतं.

चैत्रपालवी

मी सध्या लाइपझिगला राहते, म्हणून दोन शब्द. इथे या चित्रपटाबद्दल बोलताना एक गोष्ट हमखास निघते, की पूर्वेची गोष्ट सांगणारे पश्चिमेचे. दिग्दर्शक बेकर हेमरचा, म्हणजे पश्चिमेचा. ज्याच्यासोबत त्याने पटकथा लिहिली तो बेर्न्ड लिश्टेनबर्गही तिकडचाच. आलेक्स झालेला डानिएल ब्र्यूल बार्सिलोनात जन्मलेला आणि कोलोनमध्ये वाढलेला.

पण पात्रयोजना बघा. पश्चिमेचा डेनिस झालेला फ्लोरियान लुकास पूर्व बर्लिनचा. पश्चिमेचा राइनर झालेला आलेक्झांडर बायर एर्फुर्टचा, म्हणजे पूर्वेचा. आरियाने झालेली मारिया सिमोन इथलीच, लाइपझिगची. पूर्वेच्या या दोघा नटांना पश्चिमेचे करून टाकलंय आणि जो पश्चिमेत वाढला तो पूर्वेचा झालाय. हे ठरवून केलं का, देव जाणे, पण पडद्यावर कुणालाही शंका येत नाही.

आणि आई झालेली कात्रिन झास. ती श्वेरिनची, पूर्व जर्मनीच्या चित्रसृष्टीतली नामवंत नटी. १९८२ साली बर्लिनच्या महोत्सवात तिला अभिनयाचा 'रौप्य अस्वल' हा पुरस्कार मिळाला, म्हणजे भिंत उभी असताना, पूर्वेच्या चित्रपटासाठी, पश्चिम बर्लिनमध्ये. या बाईला तो देश समजावून सांगायची कुणालाच गरज नव्हती. बेशुद्धीतून उठलेल्या आईचे डोळे बघा, त्यांत भोळेपणाच्या जोडीला आणखी बरंच काही आहे. आडवाट म्हणतेय ती भीती ती पहिल्यापासून अंगात बाळगून खेळलीय.

मुसाफिर

धागा छान, पण मला या चित्रपटाबद्दल एक तक्रार आहे आणि ती मनापासून मांडतो.

हा चित्रपट त्या राजवटीशी फार मवाळपणे वागतो. १९८९ च्या शेवटी स्टासीकडे, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्तपोलिसांकडे, सुमारे ९१ हजार पूर्णवेळ कर्मचारी होते आणि त्यांच्या जवळपास दुप्पट खबरे. खबरे म्हणजे कोण? ऑफिसातला सहकारी, शाळेतला मित्र, कधी सख्खा नवरा. १९९२ पासून लोकांना स्वतःच्या फायली वाचता येऊ लागल्या, तेव्हा किती घरं आतून मोडली याची कल्पना करा. बर्लिनच्या भिंतीपाशी किमान १४० माणसं मेली. त्यांतल्या अनेकांना पळून जाताना गोळ्या घातल्या. पळून जाणं हाच गुन्हा होता.

चित्रपटात यातलं काय दिसतं? सुरुवातीला चौकशीला आलेले दोघे आणि मोर्च्यातली मारहाण. बाकी लोणची, कॉफी, बालवीरांची गाणी. ज्यांची आयुष्यं त्या राजवटीने उद्ध्वस्त केली त्यांनी हे बघून हसायचं कसं? २००३ नंतर जर्मन टीव्हीवर पूर्वेच्या आठवणींचे खेळकर कार्यक्रम सुरू झाले, त्यांच्यामागे या चित्रपटाच्या यशाचा हात होताच. साठ लाखांहून जास्त लोकांनी जर्मनीत तो थेटरात पाहिला. इतक्या लोकांपर्यंत पोचणाऱ्या कलाकृतीवर थोडी जास्त जबाबदारी असते.

आडवाट

मुसाफिर, तुमचा मुद्दा वजनदार आहे आणि तो मांडलात हे बरं झालं. आकडेही बरोबर आहेत.

पण मला वाटतं की तुम्ही म्हणता तो अत्याचार चित्रपटात आहे, तो फक्त तुरुंगात दाखवलेला नाही. तो स्वयंपाकघरात आहे. एक बाई नवऱ्याची पत्रं वर्षानुवर्षं लपवते. मुलांना सांगते की बापाने तुम्हाला टाकलं. तिचा छळ करायला रोज कुणी दारात यावं लागत नाही. कधीतरी एकदा येऊन गेले तेवढं पुरतं, पुढचं काम भीती करते. दोन मुलं बापाला शिव्या घालत मोठी होतात आणि बाप तिकडे पत्राच्या उत्तराची वाट बघतो. चौकशीची खोली दाखवणारा चित्रपट मी बघितला की बाहेर येताना मला वाटतं, बापरे, काय भयंकर माणसं होती. हा बघितला की वाटतं, मीसुद्धा हेच केलं असतं. मला दुसरी भावना जास्त अस्वस्थ करते.

खेळकर कार्यक्रमांबद्दल सहमत. लोणच्याची बरणी लोकांच्या लक्षात राहिली आणि कपाटामागची पत्रं विसरली गेली, हे खरंच झालं. त्याचा दोष बेकरला द्यायला मी तयार नाही.

चैत्रपालवी

मुसाफिर यांचं म्हणणं इथले बरेच जणही मांडतात, विशेषतः ज्यांनी चळवळीत भाग घेतला ते. १९८९ च्या ९ ऑक्टोबरला लाइपझिगच्या रिंगरोडवर सत्तर हजारांच्या आसपास माणसं उतरली होती, गोळीबार होईल ही धास्ती मनात घेऊन. निकोलाय चर्चमधल्या सोमवारच्या प्रार्थनेतून निघालेली गर्दी. त्यांनी देश बदलला आणि लोक विचारतात काय, तर लोणच्याचं!

पण दुसरी बाजूही इथे रोज दिसते. १ जुलै १९९० ला पश्चिमेचं चलन, मार्क, आलं. पगार एकास एक दराने बदलले. बचत मात्र प्रौढांना ४ हजारांपर्यंत एकास एक, साठी ओलांडलेल्यांना ६ हजारांपर्यंत, मुलांना २ हजारांपर्यंत आणि त्याच्या वरची रक्कम निम्मी. चित्रपटात आईने साठवलेले पैसे सापडतात तेव्हा बदलायची मुदत उलटून गेलेली असते. बँकेत आलेक्सला नकार मिळतो आणि तो गच्चीवरून नोटा वाऱ्यावर सोडतो. हसू येतं तिथे, पण माझ्या ऑफिसातल्या एक वयस्कर बाई म्हणाल्या की त्या प्रसंगाला त्यांच्या घरी कुणीच हसलं नाही.

कारखान्यांचंही तसंच. ट्रॉयहांड नावाच्या सरकारी संस्थेच्या ताब्यात हजारो उद्योग आले, सुमारे चाळीस लाख कामगार असलेले. पगार रातोरात पश्चिमेच्या चलनात, गिऱ्हाईक पूर्व युरोपातलं, त्याच्याकडे ते चलन नाही. माल घेणार कोण? काही वर्षांत बहुतेक कारखाने विकले गेले किंवा बंद पडले. पूर्व जर्मनीतल्या जवळपास ९० टक्के बायका नोकरी करत किंवा शिकत होत्या. पाळणाघर हे गृहीत धरलेलं होतं. त्यांतल्या अनेकींना अचानक घरी बसावं लागलं. आरियाने विद्यापीठ सोडून 'पुढे काय हवं?' विचारत खिडकीत उभी राहते, तो विनोद नाही. तिच्या वयाच्या लाखो बायकांचं ते झालं.

म्हणून इथल्या कुणी जुन्या कॉफीचा डबा जपून ठेवला असेल तर तो होनेकरवरच्या प्रेमापोटी असेल असं मला वाटत नाही. आपण चाळीस वर्षं जे जगलो ते सगळं कचऱ्यात टाकण्याच्या लायकीचं होतं, असं कुणी सांगितलेलं माणसाला सोसत नाही.

रसिकमित्र

थोडी पूरक माहिती.

शीर्षकातला लेनिन. बर्लिनच्या फ्रीड्रिशहाइन भागात लेनिन चौकात १९७० साली तांबड्या ग्रॅनाइटचा १९ मीटर उंचीचा पुतळा बसवला होता. तो काढायला सुरुवात झाली नोव्हेंबर १९९१ मध्ये, म्हणजे चित्रपटातल्या काळानंतर वर्षभराने. आणि हेलिकॉप्टरने नाही, तर शंभराहून जास्त तुकडे करून. ते तुकडे शहराच्या आग्नेय टोकाच्या जंगलात पुरले. २०१५ साली नुसतं डोकं उकरून काढलं आणि आता ते श्पांडाउच्या किल्ल्यातल्या प्रदर्शनात आडवं ठेवलंय. चित्रपटात अर्धा लेनिन हात पुढे करून आईच्या समोरून उडत जातो, ती पूर्ण कल्पना. पण ते दृश्य एकदा पाहिलं की खरा इतिहास वेगळा होता हे सांगूनही पटत नाही.

झिगमुंड येनचंही तसंच. चित्रपटात त्याच्यासारखा दिसणारा माणूस टॅक्सी चालवतो आणि आलेक्स शेवटच्या बातमीपत्रात त्यालाच राष्ट्रप्रमुख करतो. खरा येन एकीकरणानंतर जर्मन आणि युरोपीय अंतराळ संस्थांचा सल्लागार होता. २०१९ मध्ये वारला.

आई समारंभाला निघाली होती तो 'पालास्ट डेर रेपुब्लिक', म्हणजे प्रजासत्ताकाचा प्रासाद, आज नाही. १९९० मध्ये ॲस्बेस्टॉसमुळे बंद केला, २००८ पर्यंत पूर्ण पाडला. त्या जागेवर जुन्या राजवाड्याची प्रतिकृती उभी आहे.

संगीत फ्रेंच संगीतकार यान तिएर्सनचं. पियानो ऐकण्यासाठी तरी चांगले हेडफोन लावून बघा.

पारिजात

सगळे प्रतिसाद वाचले. राजकारण बाजूला ठेवून विचारते. आलेक्सने केलं ते बरोबर होतं का?

आपल्याकडे आजीला कॅन्सर झालाय हे आजीलाच न सांगण्याची पद्धत घरोघरी आहे. आमच्याकडेही झालं. सगळ्यांना माहीत, डॉक्टरांना माहीत, फक्त जिचं शरीर तिलाच नाही. आलेक्सची मैत्रीण लारा, ती रशियन परिचारिका, तिला हे नाटक पहिल्यापासून आवडत नाही. मला तिचं पटतं. ती इस्पितळात रोज माणसं मरताना बघते, तिला माहीत आहे की आजाऱ्याला सत्य झेपतं, झेपत नाही ते नातेवाइकांना. हळूहळू नाटक आईसाठी उरतच नाही, ते आलेक्सची गरज होऊन बसतं. तो स्वतःच म्हणतो की आईसाठी रचलेला देश हळूहळू आपल्याला हवा होता तसा होत गेला. मग यात आईचं काय राहिलं?

आडवाट

पारिजात, अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत.

शेवटच्या बातमीपत्राच्या आधी इस्पितळात लारा आईला खरं सांगून टाकते. आलेक्सला हे माहीत नाही. तो मोठ्या कष्टाने केलेली फीत लावतो. येन राष्ट्रप्रमुख झालाय, सीमा उघडल्यात, भिंतीवर माणसं चढलीत. सगळे टीव्ही बघताहेत. आई थोडा वेळ पडद्याकडे बघते आणि मग मुलाकडे बघत राहते. ती म्हणते, फार सुंदर! आलेक्सला वाटतं बातमीबद्दल म्हणाली.

म्हणजे आता नाटक आई करतेय, मुलासाठी. त्याला कळू देत नाही की मला कळलंय. तुम्ही विचारलंत की आईचं काय राहिलं. मला वाटतं, शेवटची चाल तिचीच राहिली. पत्रं लपवणं हे भीतीने केलेलं होतं. हे मात्र तिने पूर्ण मोकळ्या मनाने केलं. तिच्या अख्ख्या आयुष्यात कुणाच्याही धाकाशिवाय घेतलेला हा पहिला निर्णय असावा. देश विसर्जित झाल्यावर तीन दिवसांनी ती जाते. आलेक्स शेवटपर्यंत समजून चालतो की तिला काही कळलं नव्हतं.

आजीच्या बाबतीत मात्र मी तुमच्याच बाजूने आहे. सांगायला हवं. लाराने सांगितलं नसतं तर आईला हा निर्णय घेताच आला नसता.

मुसाफिर

लाराबद्दलचा मुद्दा पटला. ती सोविएत मुलगी आहे, खोट्या बातम्या ऐकत वाढलेली, आणि घरात खरं बोलायचा आग्रह तीच धरते, हे मला आत्ता वाचताना जाणवलं. राजवटीबद्दलचं माझं मत अजून कायम आहे. पण चित्रपट पुन्हा बघेन आणि या वेळी पत्रांच्या प्रसंगापासून उलटा विचार करत बघेन.

कोकणकडा

जाता जाता आरियानेबद्दल, कारण तिच्याकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. आलेक्सला नाटक तरी सुचतं. ती बिचारी तान्ही मुलगी, नवं नातं, नोकरी, भावाचा हट्ट, सगळं ओढते आणि घरात तिचं मत कुणी विचारत नाही. मुलीला पुन्हा जुने लंगोट बांधायला लावले जातात तेव्हा ती भडकते, ते किती योग्य आहे!

बर्गर किंगच्या खिडकीशी गाडी थांबते आणि आवाजावरून तिला कळतं की हा आपला बाप. बाप तिला ओळखत नाही. ती काय म्हणाली असं आलेक्स विचारतो. तर कंपनीने शिकवलेलं वाक्यच म्हणाली, आमच्याकडे आल्याबद्दल धन्यवाद, आनंदाने जेवा. ज्याने टाकलं असं तिला आयुष्यभर वाटलं त्या माणसासमोर तिच्याकडे दुसरे शब्दच नव्हते. नंतर कपाटामागची पत्रं तीच हुडकून काढते आणि वाचता वाचता तिची अवस्था काय होते ते बघा. आईला माफ करणं आलेक्सला सोपं गेलं. आरियानेने केलं का, हे चित्रपट सांगत नाही, आणि मला वाटतं तिने लगेच केलं नसावं.